मला नको, हिला विचारा

नवीन पालकांना शाळा दाखवायची तर आधी संडास दाखवावेत, हे गाइडताईंचं मत पक्कं होतं. लोक वर्ग बघतात, मैदान बघतात, भिंतीवरचे कागदी मासे बघून "छान, छान" म्हणतात आणि खरा प्रश्न घशातच ठेवून घरी जातात. मग घरी सांगतात, बाकी सगळं बरं आहे हो, पण सरकारी शाळा ती, संडास कसे असतील कोण जाणे. म्हणून पाहुणे फाटकातून आत आले की ताई त्यांना थेट तिकडेच नेत. कड्या लावून दाखवत, नळ सोडून दाखवत, साबणाची वडी हातात देत. "झाली शंका दूर? चला, आता शाळा बघू."

गाइडताई हे नाव शिक्षकांनी ठेवलेलं. पगार नाही, खुर्ची नाही, नुसतं नाव. त्यांची मुलगी इथेच दुसरीत होती. मुलगी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला घरीदारी सगळे भिंगरीच म्हणत. भिंगरी बालवर्गात आली तेव्हापासून प्रवेशाच्या दिवसांत ताई हे काम करत आल्या होत्या, आणि चांगलं करत होत्या. खोटी तारीफ त्यांना जमत नसे. ग्रंथालय म्हणजे एक कपाट आणि एक चटई, हे त्या स्वतःच सांगून टाकत. चित्रकलेच्या बाई आठवड्यातून एकदाच येतात, हेही सांगत. "पण वर्गात मुलं कमी आहेत, त्यामुळे नाव नसलेली वही सापडली तरी कुणाची ते बाई अक्षरावरून ओळखतात," असं म्हणून त्या जरा थांबत. ते वाक्य लोकांच्या मनात उतरायला तेवढा वेळ लागतो, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं.

हुकमाचा पत्ता शेवटी. सगळं बघून झालं की त्या भिंगरीला बोलावत आणि पाहुण्यांना म्हणत, "आता मला नको, हिला विचारा. काय वाटेल ते विचारा. मी तिकडे नळाजवळ पाठ करून उभी राहते. आणि बघा, ती माझ्याकडे बघते का. पढवलेलं पोर बोलायच्या आधी आईकडे बघतं."

भिंगरी कधीच बघत नसे. डबा खाताना कोण सांडतं, कोणत्या बाई ओरडतात, कोणत्या नुसता आव आणतात, सगळं धडाधड सांगून मोकळी होई. एकदा तर एका वडिलांना तिनं स्वतःहून सांगितलं होतं, की मोठ्या बाई दुपारी खुर्चीत पेंगतात. त्या वडिलांनी त्याच दिवशी प्रवेश घेतला. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका; त्यांनीही हसून घेतलं होतं.

यंदा मात्र ताईंच्या कपाटात, साड्यांच्या मागे, एक नवा कोरा गणवेश होता. निळा, खिशावर सोनेरी चिन्ह असलेला. नदीपलीकडच्या मोठ्या खासगी शाळेचा.

झालं असं, की जाऊबाईंची दोन्ही मुलं त्या शाळेत होती. जाऊबाई वाईट नव्हत्या, पण बोलायच्या. "एवढी हुशार पोर, तिला कशाला तिथं कुजवतेस?" पहिल्यांदा ताईंना राग आला. दुसऱ्यांदा त्यांनी हसण्यावारी नेलं. तिसऱ्यांदा त्या रात्रभर कूस बदलत राहिल्या. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." असा नवरा असला की सगळं पाप एकटीच्या डोक्यावर. प्रवेशपरीक्षेत भिंगरी पास झाली आणि ताईंना आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच त्यांना लाज वाटली.

मोठ्या बाईंना त्यांनी सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू, असं चाललं होतं. पुढच्या वर्षी तिसरीत मुलं आणखी कमी झाली, तर तिसरी-चौथी एकाच खोलीत बसवायची, असं वरून कळवलं होतं. म्हणून तर मोठ्या बाई परवा म्हणाल्या, "तू आहेस म्हणून माणसं येतात गं. माझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? मी तर शाळेचीच." ताईंनी चहाच्या कपात तोंड घातलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण त्यांनीच भिंगरीला मागच्या महिन्यात समजावून सांगितली होती.

त्या सकाळी वेणी घालताना त्या म्हणाल्या, "हे बघ, नव्या शाळेचं आज कुणाशी बोलायचं नाही हं."

"का?"

"मोठ्या बाईंना वाईट वाटेल."

"मग आपण कशाला जातोय?"

"मोठी झालीस की कळेल."

त्या दिवशी वेणी जरा जास्तच घट्ट बसली.

पाहुणी म्हणून आली ती एक नर्स. जवळच्या दवाखान्यात बदली झालेली, एकटीच, सोबत भिंगरीएवढीच मुलगी. मुलीनं आईच्या पिशवीचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. संडास, वर्ग, कपाट, चटई, सगळं बघून होईपर्यंत तिनं तो सोडला नाही.

व्हरांड्यात आल्यावर नर्स हळू आवाजात म्हणाली, "आधीच्या शाळेत वर्षभर ही कुणाशी एक शब्द बोलली नाही. घरी बडबडते, बाहेर गप्प. तिथल्या बाई म्हणाल्या, मुलगी मठ्ठ आहे. म्हणून या वेळी मी आधी शाळा बघतेय, मग घर. तीन शाळा बघून झाल्या. सगळे छानच बोलतात हो, पण कुणाचं खरं मानायचं?"

एरवी ताईंनी इथेच हुकमाचा पत्ता टाकला असता. आज त्या म्हणाल्या, "बागेचा कोपरा राहिलाच बघायचा." पण भिंगरी कसली थांबतेय! तिला आपलं काम पाठ होतं. ती धावत येऊन नर्सपुढे उभी राहिली. "आता मला विचारायचं असतं. आई, तू नळाकडे जा."

ताई गेल्या. पाठ केली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. प्रत्येक प्रश्न त्यांना कपाटातल्या निळ्या गणवेशाकडेच चाललाय असं वाटत होतं. आता ही बोलणार. आता सगळं बाहेर येणार.

नर्सनं विचारलं, बाई मारतात का? "छे! वेलांटी चुकली तर पेन्सिल मागतात आणि स्वतः चुकीची काढतात, मग आपण हसायचं." मुलं चिडवतात का? "एक जण चिडवतो. पण त्याला शिंक आली की तो रडतो." मग भिंगरीचा आवाज बदलला, खाली वाकल्यासारखा झाला. "माझ्या बाकावर जागा आहे. तुला बसायचं?"

 मग एक बारीक, अनोळखी आवाज आला.

"रोज?"

ताईंच्या हातात नळाची तोटी होती. ती त्यांनी घट्ट धरली.

"रोज," भिंगरी म्हणाली. "तिसरीत पण. चौथीत पण. मी इथंच असणार आहे."

ताई वळल्या. नर्सच्या डोळ्यांत पाणी होतं. पिशवीचा पट्टा सुटून लोंबत होता आणि दोघी मुली मैदानाकडे पळाल्या होत्या.

"बोलली," नर्स म्हणाली. "ऐकलंत? बोलली ती! आणि तुमच्या मुलीनं खरंच एकदाही तुमच्याकडे बघितलं नाही. मी लक्ष ठेवून होते." तिनं फोन काढला. "घरमालकाला आत्ताच हो म्हणून टाकते. नाहीतर घर जायचं दुसऱ्याला."

ती नंबर शोधत होती, तेवढ्यात भिंगरी धापा टाकत ताईंजवळ आली आणि पदर ओढून कानाशी लागली. तिचा चेहरा बक्षीस मिळाल्यासारखा फुलला होता.

"मी सांगितलंच नाही! बरोबर बोलले ना, आई?"

ताईंना वाटलं, कुणी एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. सात वर्षं जे पोर खोटं बोलायला शिकलं नव्हतं, ते एका वेणीत शिकलं. आणि शिकवणारी समोर उभी होती, साबणाची वडी हातात देऊन लोकांना खात्री पटवणारी. त्यांना स्वतःची किळस आली.

"थांबा," त्या नर्सला म्हणाल्या. "फोन करू नका."

मग सगळं सांगितलं. नदीपलीकडची शाळा, परीक्षा, कपाट, सकाळची ताकीद. सांगताना त्यांनी जाऊबाईंचं नाव काढलं नाही. तेवढी एक सबब तरी नको, असं त्यांना वाटलं.

नर्स ओरडली असती तर सोपं होतं. तिनं फक्त विचारलं, "मग शाळेत खोट काय आहे?"

"काही नाही."

"मग का नेताय?"

 तीन वर्षं लोकांच्या प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर होतं.  "मला भीती वाटली," त्या शेवटी म्हणाल्या. "आपलं पोर मागे पडेल, अशी."

"माझी तर मागेच आहे," नर्स म्हणाली. तिनं फोन पिशवीत टाकला. मैदानावर तिची मुलगी एकटी उभी राहून भिंगरीची वाट बघत होती.

नर्स भिंगरीपुढे उकिडवी बसली. आवाजात राग नव्हता. पेशंटला विचारावं तसं विचारलं. "तू राहा किंवा जा, ते राहू दे. मला एवढंच सांग बाळा, ही शाळा खरंच चांगली आहे?"

हा प्रश्न भिंगरीला कितीतरी जणांनी विचारला होता. तिनं श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि मिटलं. मग मान वळवून तिनं आईकडे बघितलं.

"माझ्याकडे नको बघूस," ताई म्हणाल्या.  "खरं काय ते सांग. सांग ना गं."

भिंगरी त्यांच्याकडे बघतच राहिली.