रेशमाला विटाळ नसतो

आत्या येण्याआधी तिचा वास यायचा. गिरगावातल्या आमच्या चाळीत श्रावणाचं कोवळं ऊन गॅलरीत उतरायचं तेही नाक दाबून. ब्लीचिंग पावडरीचा तो उग्र, डोळ्यांत सुया टोचणारा दर्प, आणि त्यामागून पांढऱ्याफटक, भेगाळल्या हातांनी बादली सावरत येणारी, वडिलांची ही विधवा बहीण. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर अश्रुधूर सुटला तेव्हा अख्खी चाळ डोळे चोळत होती. आमच्या घरात कुणाची पापणी हलली नाही. सराव होता! तिच्या पाण्याचे शिंतोडे उडून कठड्यावरचे कावळे बगळे झाले, हे मी शपथेवर सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे.

वहिनी हसायची नाही. अण्णाची, माझ्या थोरल्या भावाची ही बायको मिरजेच्या इस्पितळात राहून, क्षयातून पूर्ण बरी होऊन आली होती. डॉक्टरांचा दाखला होता. पण आत्याच्या लेखी तो नुसता कागद, आणि तोही धुता न येणारा. वहिनीची पातळं निराळ्या बादलीत दिवस दिवस भिजत. त्या विटलेल्या सुतातून ती घरात वावरे ती उजाडल्यानंतरही आकाशात राहून गेलेल्या चंद्रासारखी: दिसणारी, पण कुणालाच नको असलेली. स्वयंपाकघराचा उंबरा तिला बंद होता.

गौरी जेवायच्या दिवशी मात्र ती लग्नातला अंजिरी शालू नेसून थेट त्या उंबऱ्यावर उभी राहिली.

"आत्याबाई, रेशमाला विटाळ नसतो ना? तुम्हीच सांगता."

जन्मभराचं सोवळं आत्याच्याच अंगावर उलटलं. "नसतो," ती कशीबशी म्हणाली.

वहिनीनं नैवेद्याचं ताट वाढलं. समईच्या उजेडात तिच्या पदराची सळसळ, वरणावर तिनं सोडलेली तुपाची धार. मिरजेला गेल्यापासून दोन वर्षांनी वहिनी पहिल्यांदा त्या घरात पाहुणी नव्हे, घरधनीण म्हणून वावरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालू बादलीत होता.

"विटाळ नसतो गं," आत्या म्हणाली, "पण जंतूंना मेल्यांना काय कळतंय सोवळं?"

दुपारी वहिनीनं हात घातला तो लगद्यात. पिवळं पडलेलं रेशीम तिच्या बोटांतून गळत होतं. काळवंडलेले जरीचे काठ तेवढे हाती आले. सुती कापड सोसतं ते रेशीम सोसत नाही, हे आत्याला ठाऊक नसावं, अशी समजूत मी पुढे कित्येक वर्षं करून घेतली.

"अहो," वहिनीनं हाक मारली. वर्तमानपत्राआडून अण्णानं फक्त पान उलटलं. आणि मी, एवढा तोंडाळ मी, त्या वेळी मनात एक विनोद जुळवत होतो.

संध्याकाळी ती दादरला माहेरी गेली. पुढे मुंबईसह महाराष्ट्र मिळाला, चाळीत पेढे वाटले. दादरहून गिरगावात एक माणूस परत आणणं मात्र आमच्याच्यानं झालं नाही. मृत्यूनं नेलेल्यांची आठवण काळ हळूहळू मऊ करत जातो. जिवंतपणी आपण घालवून दिलेल्या माणसाच्या रिकाम्या जागेला मात्र तो हातसुद्धा लावत नाही.