मोर्सालचा पांढरा कोट

“हात जरा वर करा, मस्यू अर्वे. आणखी थोडा. हां, आता श्वास घ्या.”

“श्वास कशाला?”

“मग काय, सोडून द्यायचा?” फातूने टेप त्याच्या छातीभोवती फिरवली, ओठांतल्या ओठांत आकडा पुटपुटला आणि टेप पुन्हा स्वतःच्या गळ्यात टाकली. “झालं. एका जाकिटाचं माप बघायचं होतं.”

“मोर्सालमध्ये पुरुषांची जाकिटं कधीपासून शिवायला लागलो आपण?”

शिवणखान्यातल्या सगळ्या माना खाली गेल्या. कुणाला तरी खोकला आला. खिडकीपाशी बसलेल्या मादाम रेजीनने चष्म्यावरून पाहिलं. इथला सगळा कारभार तिच्या हातात होता.

“फातू, तोंड चालतं तेवढी सुई चालली असती, तर तो शिफॉनचा झगा कालच उतरला असता. आणि दोरा दाताने तोडू नकोस, कितीदा सांगू? कात्री काय आरतीला ठेवलीय? अर्वे, तू जा रे खाली. तुझ्या स्टुडिओत कामं नाहीत का?”

अर्वे हसत जिना उतरला. त्याला सगळं समजलं होतं, आणि त्याला समजलंय हे त्यांनाही समजलं होतं.

मोर्साल या फॅशनच्या घराण्याला नवा क्रिएटिव्ह डायरेक्टर आला, की वरच्या मजल्यावरच्या या बायका त्याच्यासाठी पांढरा कोट शिवत. त्यांच्या अंगात असे तसाच. तो चढवल्याशिवाय नव्या माणसाने शिवणखान्याचा उंबरा ओलांडायचा नाही, अशी रीत. कोटाच्या खालच्या दुमडीत प्रत्येकीने आपल्या डोक्यावरचा एक केस घालून टाका मारायचा. माणूस टिकावा म्हणून. अलीकडे केसांचा गुण येईनासा झाला होता. एक जण भांडून गेला, दुसऱ्याला मिलानवाल्यांनी पळवलं, तिसरी वसंतात आजारी पडली ती परत फिरकलीच नाही. तेव्हापासून घराणं अर्वेनेच सांभाळलं होतं. शो संपल्यावर टाळ्या घ्यायला मात्र तो पुढे आला नाही. त्याने शिवणखान्यातल्या बायकांना पुढे ढकललं आणि स्वतः पडद्यामागे टाचण्या वेचत बसला.

कोट नेमणूक झाल्यावर कापायचा असतो. या वेळी बायकांनी आधीच कापला. दुसरं कुठलं नाव त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

अर्वेच्या डोक्यातही येत नव्हतं. ब्रेतान्यातल्या कँपेर गावाहून तो कोवळ्या वयात इथे आला, तो मादाम रेजीनच्या हाताखाली काजं करायला. त्याची आई लोकांच्या लेसच्या टोप्यांना खळ घालून इस्त्री करून द्यायची. पांढऱ्या कापडाचा वास त्याला घरासारखा वाटे. पुढे तो स्टुडिओत गेला, आणि मग आयुष्यभर कुणाचा तरी उजवा हात झाला. एखादा डायरेक्टर हवेत बोट फिरवून म्हणे, “इथे जरा... पाऊस हवाय,” आणि अर्वे तो पाऊस कापडात उतरवून दाखवी. लोक पावसाची तारीफ करत. त्याचं त्याला वाईट वाटत नसे, असं तो सगळ्यांना सांगे. पण या उन्हाळ्यात संचालकांनी त्या जागेसाठी त्यालाही पोशाखांची चित्रं द्यायला सांगितली आणि त्याने पहिल्यांदा स्वतःसाठी पेन्सिल धरली. शिवणखान्याने त्यातल्या तीन पोशाखांचे नमुने शिवून दिले. त्या आठवड्यात त्याला नीट झोप लागली नव्हती. एकदा, फक्त एकदा, कोटाच्या कॉलरवर आपल्या नावाचं पहिलं अक्षर असावं, एवढंच त्याला हवं होतं. बावन्न वर्षांच्या माणसाला ते कुणाला सांगायचीही लाज वाटे. आईला तेवढं सांगितलं होतं, आणि आईने पाववालीला.

जेवणाच्या सुट्टीआधी घराण्याचे अध्यक्ष मस्यू व्हालरां यांनी त्याला बोलावून घेतलं.

“बसा, अर्वे. कॉफी?”

कॉफी विचारली, तेव्हाच त्याला कळलं. चांगली बातमी असती, तर ते दारातच बोलले असते.

“तुमचा तिसरा नमुना,” व्हालरां म्हणाले, “तो काळा. खरं सांगतो, टेबलावरच्या सगळ्यांत सुंदर होता.”

“मग?”

व्हालरांनी खिडकीकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता, त्याला त्रास होत होता. “सुंदर होता. पण तो पाहून कुणी भांडलं नाही. मला असं कुणीतरी हवंय ज्याच्यावरून लोक भांडतील. अँटवर्पची एक मुलगी आहे, लीस्बेत. उद्या जाहीर करतोय. आज दुपारी ती वर शिवणखान्यात येईल. तुम्ही राहावं अशी तिचीच अट आहे.”

अर्वेने कॉफी ढवळली. साखर घातलेली नव्हती.

“उंची किती आहे त्यांची?”

“काय?”

“उंची. अंगाने कशा आहेत?”

“तुमच्या खांद्याला लागेल. बारीक आहे. का?”

“काही नाही. उगीच.”

जिन्यात फोन थरथरला. आई होती.

“नाही झालं गं,” तो म्हणाला.

मागे तिच्या रेडिओचा आवाज येत होता. “बरं,” ती म्हणाली. “जेवलास का?”

“जेवतो.”

“जेव आधी. पाववालीचं मी बघते.”

वर शिवणखान्यात आज शिस्त सुटली होती. कापणीच्या टेबलावर कागद पसरून त्यावर लोण्याचा ब्रेतान केक मांडला होता, सफरचंदी सायडरच्या बाटल्या होत्या. मधोमध पुतळ्यावर मलमल टाकून काहीतरी झाकून ठेवलं होतं. अर्वे आत आला आणि त्याने दार हळूच, मूठ धरून लावलं. मादाम रेजीन त्याला कोवळ्या वयापासून ओळखत होती. तिने शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान काढून ठेवलं.

“कोण?” तिने विचारलं.

“अँटवर्पची आहे. लीस्बेत.”

मग फातू म्हणाली, “त्या व्हालरांच्या पँटच्या शिवणी मी दुरुस्त करते. पुढच्या वेळी मधली शिवण उसवेल. भर मीटिंगमध्ये.”

दोघी-तिघी हसल्या आणि हसता हसता एकीने डोळे पुसले.

“दुपारी येतेय,” अर्वे म्हणाला. “कोट लागेल.”

आता कुठे त्यांच्या ध्यानात आलं. सगळ्यांनी मलमलीकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. त्या जातीचं कापड संपलं होतं. विणकराकडून यायला आठवडे लागत. आणि कोटाशिवाय कुणाला आत घेणार?

“राहू दे की मग दारातच उभी,” फातू पुटपुटली.

“तिने काय केलंय तुझं?” अर्वे म्हणाला आणि त्याने स्वतःच मलमल ओढली.

कोट फार देखणा उतरला होता. कॉलरच्या आत, मानेला लागेल अशा जागी, पांढऱ्यावर पांढऱ्या रेशमाने त्याचं अक्षर भरलं होतं.

“एकदा घाल,” मादाम रेजीन म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, हुकमाचा. “आम्हाला बघायचंय.”

त्याने घातला. पाठीवर एक चुणी नाही, खांदा जिथे संपतो तिथेच बाही सुरू झालेली. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या अंगावर कपडे बेतले होते. आपल्या अंगावर असं काही बेतलं जातं तेव्हा कसं वाटतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

“वळ.”

तो वळला.

“बरा बसलाय,” ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

मग त्याने कोट काढला, आपल्या जुन्या जागेवर, काजं शिकला त्या कोपऱ्यात बसला आणि खांद्याची शिवण उसवायला घेतली.

“मस्यू अर्वे, तुम्ही नका ना,” फातू म्हणाली. “आम्ही करतो.”

“केक काप तू. आईने विचारलं तर जेवलो म्हणता यायला हवं.”

अक्षर त्याने सगळ्यांत शेवटी काढलं, एकेक रेशीमधागा सुईच्या टोकाने उचलून. मागे बारीक भोकं राहिली. त्यांवर वाफ धरली, नखाने कापड घासलं, तशी ती मिटली.

लीस्बेत आली ती एकटीच, पावसाळी बूट घालून. दाराबाहेरच थांबली, रीत तिला कुणीतरी सांगितली असावी. अर्वे कच्च्या टाक्यांवरचा कोट घेऊन बाहेर गेला आणि टाचण्या तोंडात धरून तिच्या अंगावर बसवू लागला. ती घाबरलेली होती. छातीपाशी त्याने कापड आत घेतलं, तशी ती अगदी हळू म्हणाली, “इथे जरा सैल ठेवाल का? बाळ पाच महिन्यांचं आहे. संध्याकाळपर्यंत दूध फार दाटून येतं. इथे कुणाला सांगितलं नाहीये.”

त्याने टाचण्या काढल्या. “दोन बोटं ठेवतो. सकाळी कळणार नाही, संध्याकाळी टोचणार नाही.”

“तुमचं काम मी बघितलंय,” ती म्हणाली. “तो काळा पोशाख. मला वाटलं होतं तुम्ही...”

“हात जरा वर करा,” अर्वे म्हणाला.

ती खाली बाळाच्या चौकशीचा फोन करायला गेली तेवढ्यात बाह्या झाल्या. उरली फक्त खालची दुमड. लांबी कमी करायची, म्हणजे ती उसवणं आलं. त्याने ती उघडली, आणि केस मांडीवर पडले. फातूचा कुरळा, स्प्रिंगसारखा. एक मेंदी लावलेला. मादाम रेजीनचा पांढरा, लांब. त्याच्यासाठी घातलेले.

हवे तर काढून टाकावेत, कुणी काही म्हणालं नसतं.

त्याने ते एकेक करून उचलले आणि नव्या दुमडीत सरळ मांडले. मग कानशिलावर हात नेला, स्वतःचा एक राखाडी केस उपटला आणि त्यांच्या शेजारी ठेवला. वर कापड दुमडून तो बारीक, न दिसणारे टाके घालत शेवटपर्यंत गेला.

गाठ मारून त्याने दोरा दातानेच तोडला. मादाम रेजीनने ते पाहिलं, आणि ती काही बोलली नाही.