चिंतामणीची खोली

मी शेडकार्ड बोलतोय. रंगारीमामांच्या पिशवीत, भिंत घासायच्या पत्र्या आणि जुन्या ब्रशांच्या मधे माझी जागा. पोटात तीनशे बारा रंगांचे तुकडे घेऊन जन्मलो. माणसं मला तासन्‌तास चाळतात, माझ्यावरून भांडतात आणि शेवटी पांढराच घेतात. तेव्हा मी जरा तिरकस बोललो तर मनावर घेऊ नका.

छापखान्यात माझ्या रंगांना नावंही काय एकेक दिलीत. 'दूरचा डोंगर' म्हणे. अहो, सरळ राखाडी म्हणा की. पण मला विचारतो कोण.

गेल्या वर्षी मामांनी मला एका घरी सोडलं. "वहिनी, राहू द्या दोन दिवस. आरामात ठरवा." घरात साहेब आणि वहिनी, दोघंच. तिसरी, मागची खोली मात्र आत्यासाठी राखलेली. साहेबांना लहानाचं मोठं केलं ते या आत्यानं. आता ती एकटी राहायची, गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि साहेब दोन वर्षं तिची मनधरणी करत होते. "तुमच्या संसारात माझी लुडबुड कशाला," हे तिचं ठरलेलं उत्तर. नुकतीच कुठे गाडी "बघू" वर आली होती. ती येईल म्हणूनच तर घराला रंग काढायचा होता.

स्वयंपाकघरावरून दोघांची जुंपली. साहेबांना बदामी हवा, वहिनींना पिस्ता. "बदामी रंगात पोळी ठेवली तर दिसायची नाही," वहिनी म्हणाल्या. पिस्ता जिंकला. जिंकल्याच्या आनंदात त्यांनी चहाचा ओला कप ठेवला तो थेट माझ्या एकोणिसाव्या पानावर. एका तुकड्याखालचा नंबर विरघळून गेला. मी कळवळलो, पण तोंड कुठे आहे मला.

दुसऱ्या दिवशी मामा बाहेरच्या खोलीच्या भिंती घासत होते. खर्र खर्र आवाजानं घर दणाणलेलं. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. फोन माझ्यावरच ठेवलेला, त्यामुळे आत्याचा शब्द न्‌ शब्द मला ऐकू आला. साहेबांनी दोनदा "काय? काय?" केलं, मग "बरं" म्हणाले आणि मटकन स्टुलावर बसले.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"आत्या येत नाहीये. म्हणाली, माझी खोली चिंतामणीला द्या."

"कोण चिंतामणी?"

"मला काय माहीत. असेल कुणी तिच्या शेजारचा गरजू."

"अहो, मग फोन करून विचारा ना."

"कशाला? परत एकदा नाही ऐकायला?" साहेबांनी फोन लांब सरकवला. एवढा बाप्या माणूस, पण आत्याच्या बाबतीत अजून सहा वर्षांचाच. मला त्यांची दया आली आणि रागही आला. मी ओरडून सांगत होतो, अहो, पान एकोणीस, डावीकडून तिसरा. कागदाचं ओरडणं ते, कुणाला ऐकू जाणार.

शेवटी साहेब मामांकडे गेले. "मामा, त्या मागच्या खोलीला कुठलाही पांढरा मारून टाका. ती आता कुणा चिंतामणीची आहे." आणि सगळं सांगितलं.

मामांनी हातातली पत्री खाली ठेवली. दाढीतली धूळ झटकली.

"साहेब, मी घासत होतो तेव्हाच फोन आला ना? त्या 'माझ्या खोलीला चिंतामणी द्या' असं तर नसतील म्हणाल्या?"

"म्हणजे?"

"रंग आहे तो. माझ्या आईची शाल होती चिंतामणी. आकाशी म्हणावा तर गडद, मोरपंखी म्हणावा तर उजळ." त्यांनी मला उचललं, सराईत बोटांनी एकोणिसावं पान काढलं आणि बोट ठेवलं. डावीकडून तिसरा. छापखान्यानं त्याला 'खोल सरोवर' म्हटलंय, पण ते जाऊ द्या.

साहेबांनी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून आत्या म्हणाली, "रंग द्या म्हटलं तर माणूस शोधायला निघालास? कान तुझे शाळेपासून असेच." साहेब हसता हसता डोळे पुसत होते आणि वहिनी त्यांना हसत होत्या. मला एवढा आनंद छापखान्यातून बाहेर पडल्यावरसुद्धा झाला नव्हता.

नंबर तर चहानं पुसलेला, आणि दुकानात नुसत्या नावावर रंग मिळत नाही. मग मामांनी कात्री घेतली आणि तो तुकडाच कापून दुकानात नेला, रंग जुळवायला. दुखलं. तुकडा परत आला तो आत्याकडे गेला. तिच्या चष्म्याच्या डबीत असतो म्हणतात.

तेव्हापासून माझ्या एकोणिसाव्या पानावर चौकोनी भोक आहे. लोक विचारतात, "इथला रंग कुठे गेला?" मामा खुशीत येऊन सगळी गोष्ट सांगतात, आणि ऐकणारा निदान एका भिंतीपुरता पांढरा विसरतो. तुम्हीही विसरा, एवढंच मागणं. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रंग विचारा. विचारताना तेवढं घासणं थांबवा.

मागच्या महिन्यात मामा त्या घरी गेले होते, खिडकीपाशी रंगाचा हात फिरवायला. आत्यानं मला मागून घेतलं, ते पान उघडलं आणि आपल्या खोलीच्या भिंतीला टेकवलं. भोकातून भिंत दिसली. माझे तीनशे बारा पुन्हा पूर्ण भरले.

"बघ," ती साहेबांना म्हणाली, "माझी खोली चिंतामणीलाच दिलीस की."