शोभेची ऐरण

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी जेवतानाही तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर असायचा म्हणून आईने ते ठेवलं, आणि छत्तीस वर्षांची बाई झाली तरी ते तिला चिकटून राहिलं ते राहिलंच. एका जागी बूड टेकवणं तिला जमतच नसे. आधी तिने शिकवण्या घेतल्या, मग औषधांच्या दुकानात बसली, मग कॅमेरा गळ्यात अडकवून लोकांची लग्नं टिपत फिरली. दर वेळी सुरुवातीला अगदी झपाटल्यासारखी, आणि वर्ष-दीड वर्षात मन उठलेलं. त्यामुळे ती संध्याकाळच्या वर्गात लोहारकाम शिकायला लागली तेव्हा घरात कोणी मान वर करूनही पाहिलं नाही. हेही चार दिवस, असं म्हणून थोरल्या भावाने पेपरचं पान उलटलं.

त्या चार दिवसांची दोन वर्षं झाली. भट्टीपुढे उभी राहिली की भिंगरी थांबायची. लोखंड लाल झालं की ते निवायच्या आत जे काय करायचं ते करावं लागतं, दुसरीकडे मन न्यायला सवडच मिळत नाही. घामाने डोळे चुरचुरायचे, पण पाय जागचे हलायचे नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला एक गोष्ट पुरतेय, असं तिला वाटायला लागलं होतं, आणि हे कोणाला सांगितलं तर दृष्ट लागेल म्हणून ती गप्प होती.

मग वर्गाची जागा गेली. वर्ग घेणारे मास्तर साठी ओलांडलेले, फटकळ, पण मनाने सरळ. आता आपापलं बस्तान मांडा, म्हणाले. भिंगरीने भावाच्या घरामागची शेड मागून घेतली. जुन्या पिंपाची भट्टी केली, हाताने फिरवायचा पंखा बसवला, सांडश्या भिंतीला टांगल्या. सगळं झालं, राहिली फक्त ऐरण. तेवढ्यापुरता तिने रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा मिळवला आणि त्यावर ठोकायला लागली. तो तुकडा अरुंद, हलका, प्रत्येक घावाला टुणकन उडणारा. त्याच्या नादाने तिचं मनगट सुजलं.

एक दिवस मास्तर बघायला आले. तिने घडवलेला लोखंडी आकडा त्यांनी उजेडात धरून फिरवला, मग तिचा हात तसाच धरून फिरवला.

"या रुळावर आणखी ठोकलंस तर हात वाकडा बसेल," ते म्हणाले. "वाकडं लोखंड मी सरळ करीन, हात नाही करू शकत. ऐरण मिळेपर्यंत हातोडा खाली ठेव."

तिने ठेवला. आणि घरात जो काही उच्छाद मांडला म्हणता! धुतलेले डबे पुन्हा धुतले, कपाटं या भिंतीची त्या भिंतीला नेली, भावाच्या चपलांना पॉलिश केलं. हिला कोणीतरी ऐरण आणून द्या रे, नाहीतर ही मला ठोकेल, असं भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला. तिला मात्र हसू येत नव्हतं. ती स्वतःला ओळखून होती. हातोडा फार दिवस खाली राहिला तर एका सकाळी उठल्यावर त्याची आठवणच येणार नाही, कॅमेऱ्याची आली नव्हती तशी. तिला त्या सकाळची भीती वाटत होती.

म्हणून ती ऐरण शोधत गावभर फिरली. पर्समध्ये बेअरिंगची एक पोलादी गोळी. मास्तरांनी शिकवलेली परीक्षा सोपी होती. ऐरणीचा वरचा सपाट भाग, म्हणजे माथा, त्यावर गोळी हातभर उंचीवरून सोडायची. माथा कडक असेल तर गोळी उसळून जवळजवळ हाताशी येते. मऊ असेल तर ओल्या मातीत पडल्यासारखी बसते. बाकी गंज, रंग, टवके, माथ्याला पडलेला थोडासा बाक, यातलं काहीही मनावर घ्यायचं नाही. माथा जिवंत आहे ना, एवढंच बघायचं.

हार्डवेअरच्या दुकानातली निळीशार नवी ऐरण होती, तिच्यावर गोळी पडली ती उठलीच नाही. भंगारवाल्याकडची होती, तिला कमरेत चीर. एक चांगली दिसली ती एका वकिलाच्या ऑफिसच्या दारात, डोक्यावर निवडुंगाची कुंडी घेऊन बसलेली. विकायची नाही म्हणाले, शोभेची आहे. भिंगरीचा असा तिळपापड झाला की ती पायऱ्या उतरून रस्त्याच्या टोकापर्यंत स्वतःशीच बडबडत गेली.

आणि मग शनिवारी, काही ध्यानीमनी नसताना, लेथच्या एका कारखान्याच्या दारात तिला ती दिसली. कारखाना कसला, दोन लेथ, एक कापायचं मशीन आणि मालक. सगळे त्यांना लेथवाले काका म्हणत. स्वच्छ माणूस, खिशात फडकं, बोलताना समोरच्या टेबलावरची धूळ पुसत बोलणारा. नव्या मशीनला जागा हवी म्हणून ते अडगळ काढत होते, आणि दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ऐरण लावून ठेवली होती. हिरवा रंग ओघळलेला, कडा टवकलेल्या, माथ्याच्या मधोमध वर्षानुवर्षांच्या कामाने आलेला उथळ खळगा. काका पाठमोरे झाल्याचं बघून भिंगरीने गोळी हातातून निसटल्यासारखं केलं. गोळी माथ्यावर पडली आणि टण्णकन उडून परत तिच्या तळहातात आली. माथा जिवंत होता.

इथे तिच्या आईबद्दल सांगायला हवं. आई बाजारात गेली की जे लुगडं मनात भरलं असेल त्याच्याकडे नाक मुरडून बघायची आणि नको असलेल्याचं तोंड फाटेस्तोवर कौतुक करायची. आवडलं हे दुकानदाराला कळलं की मेलोच, ही घरातली शिकवण. ती इतकी अंगात मुरली होती की त्या घरात कोणी कोणाच्या भाजीलासुद्धा कधी चांगली म्हटलं नाही. तेव्हा भिंगरीने गोळी मुठीत लपवली, चेहरा पाडला आणि नावं ठेवायला सुरुवात केली. काय हा गंज. रंग तर बघवत नाही. कडा गेल्यात. वर खड्डा पडलाय, कुंडीसुद्धा सरळ उभी राहायची नाही.

"कुंडी?" काकांनी विचारलं.

"कामाला थोडीच हवीये," ती म्हणाली. "दारात ठेवीन म्हणते. शोभेला."

वकिलाची कुंडी अशी कामाला आली म्हणून ती मनातल्या मनात खूश झाली. काकांनी एकदा ऐरणीकडे पाहिलं आणि पडत्या भावात द्यायला तयार झाले. इतक्या सहज, की तिलाच चोरी केल्यासारखं वाटलं. उचलून न्यायला टेम्पो हवा होता, म्हणून सोमवारी यायचं ठरलं. माझ्या दारातून घाण वस्तू बाहेर जात नाही, मी जरा साफ करून ठेवतो, असं काका म्हणाले. भिंगरीला वाटलं, खिशातल्या फडक्याने.

रविवारी सकाळी तिने मास्तरांना फोन करून गोळी कशी उडाली ते तीनदा सांगितलं. मास्तर खूश झाले, पण शेवटी म्हणाले, हातोहात उचलून का नाही आणलीस? आणि साफ म्हणजे काय करणार आहे तो माणूस? झालं. तिच्या डोक्यात किडा वळवळू लागला. तिने शेड झाडली, ऐरणीखालच्या लाकडी ओंडक्याला पुन्हा रंधा मारला, चहा केला आणि प्यायची विसरली. दुपारी राहवेना तेव्हा थेट कारखान्यावर गेली. शटर अर्धं ओढलेलं होतं आणि आत मशीन चालू होतं. धातू कापल्याचा लांबलचक, चिरका आवाज. तिने शटरवर थाप मारायला हात उचलला.

आणि तसाच खाली घेतला. शोभेच्या वस्तूसाठी कोणी रविवारी धावत येतं का? काकांना कळेल, भाव वाढेल, नाहीतर विकायचा विचारच बदलतील. दुसरंच काहीतरी काम चाललं असेल आत. असं स्वतःला समजावत ती परत फिरली. घरी येईपर्यंत तो आवाज तिच्या कानातून गेला नाही.

सोमवारी काका दारातच वाट बघत उभे होते. बाजूला झाले आणि हाताने दाखवलं.

ऐरण ओळखू येत नव्हती. रंग नाही, गंज नाही. कडा पट्टीने आखल्यासारख्या. खळगा गेला होता आणि माथा असा चकचकीत की त्यात वरची ट्यूबलाइट दिसत होती. भिंगरीने या वेळी काही लपवलं नाही, पर्स उघडली, गोळी काढली आणि सोडली. गोळी मंदपणे एकदा हलली आणि ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबावर जाऊन थांबली.

काका मात्र उत्साहाने सांगत होते. फार कडक होती हो, कापायचं हत्यार लागेचना. मग शनिवारी संध्याकाळीच शेजारच्या ओतकामवाल्यांच्या भट्टीत लालबुंद केली, रात्रभर राखेत गाडून हळूहळू निवू दिली, चांगली मऊ पडली तेव्हा कुठे मशीन चाललं. रविवार त्यातच गेला. पण तुम्ही जी जी नावं ठेवली होतीत ना ताई, ती एकेक काढून टाकली.

मग त्यांचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं. "काय राहिलं?" त्यांनी विचारलं.

छान झालीये म्हणून टेम्पोत घालून निघून जाणं सोपं होतं. माणसाने दिवस घातला होता, जास्त पैसेही मागत नव्हता. भिंगरीच्या ओठांवर ते आलंसुद्धा. पण मग घरी जाऊन या मढ्यावर काय ठोकायचं, आणि नाही ठोकलं तर ती सकाळ यायला किती दिवस लागतील, हे तिला लख्ख दिसलं आणि तिचा धीरच सुटला.

"मला कामाला हवी होती," ती म्हणाली. "मी लोहारकाम शिकतेय. कुंडी वगैरे सगळं खोटं होतं."

काकांनी फडकं काढलं, पण पुसायला काही उरलं नव्हतं. ते स्टुलावर बसले.

"कामाला म्हणाला असतात तर मी तिला हात लावला नसता," ते म्हणाले. "माझ्या वडिलांची होती ती. शोभेला म्हणालात म्हणून मन घट्ट करून भट्टीत घातली. मऊ करताना वाटत होतं, हे काय करतोय आपण. पण म्हटलं, घेणाऱ्याला तसंच हवंय."

रविवारी मी दारापर्यंत आले होते, हेही भिंगरीने सांगून टाकलं. ते ऐकून काकांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

मग ते उठले. पुन्हा पाणी देऊन बघू, म्हणाले. लाल करायची आणि माथ्यावर जोराने पाणी सोडायचं, की पोलाद परत कडक होतं. पण ऐरणीचं अंग साध्या लोखंडाचं, माथ्यावर फक्त पोलादाचा पत्रा जडवलेला, तो आता कापून पातळ झालाय, त्यामुळे तडकायचीही शक्यता आहे. मग ती शोभेलाच. तिला चालणार असेल तर आत्ता, नाहीतर आहे तशी न्यावी. मास्तरांना फोन लावला तर तेही तेच म्हणाले, आणि वर आणखी बरंच काही म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ओतकामवाल्यांची भट्टी तापायला दुपार झाली. या सगळ्या वेळात भिंगरी एका जागी उभी होती. साखळीच्या कप्पीने ऐरण बाहेर काढली तेव्हा ती पिकल्या संत्र्यासारखी दिसत होती. काकांनी वरच्या टाकीचा कॉक पूर्ण उघडला. पाण्याचा लोंढा माथ्यावर आदळला, वाफेत कोणाला काही दिसेनासं झालं, आणि त्या फुसफुसाटातून सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं, टिच्. पाणी पडतच राहिलं. भिंगरीने डोळे मिटून घेतले.

वाफ विरली तेव्हा माथा काळपट झाला होता. मागच्या कोपऱ्यात चार बोटं लांब चीर होती आणि तिथला पत्रा किंचित उचलला गेला होता. कोपरा गेला, काका म्हणाले. भिंगरीने तिथे गोळी सोडली, ती बसली. थोडी पुढे सोडली, जराशी उठली. मग मधोमध सोडली. गोळी उडाली. शनिवारइतकी नाही, तिच्या कोपराच्याही जरा खालीच राहिली, पण उडाली. तिने पुन्हा सोडली, पुन्हा उडाली.

भिंगरीने ऐरणीवर तळहात ठेवला. लोखंड अजून कोमट होतं. कोपरा नसलेली, काळी, पातळ झालेली ती ऐरण तिला इतकी आवडली की तिने हात उचललाच नाही.

"चांगली आहे," ती म्हणाली. "काका, फार चांगली आहे."

काकांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"हे मनापासून बोलताय," त्यांनी विचारलं, "की अजून काही कमी करून हवंय?"