आधी मेलेल्या मदतनिसाचं म्हणणं

मी एक जुना मदतनीस कंटेनर आहे. मित्रांनो, तलासरीच्या हायवेवर आडवे पडलेले असतात ते कंटेनर वेगळे. त्यांना बघायला निदान गर्दी तरी जमते. मी प्रोग्रामचा डबा आहे. मी आडवा पडलो तर कोणी गाडी हळूसुद्धा करत नाही.

माझा जन्म डहाणू रोडला, फरसाणाच्या दुकानावरच्या एका ऑफिसात झाला. किंजलताईंनी मला घडवलं. ऑफिस जिग्नेशशेठचं. पावसाचा अंदाज काढून किनाऱ्यावरच्या वस्त्यांना फोनवर मेसेज पाठवायचे, हा त्यांचा धंदा. अंदाज काढायचा मुख्य कंटेनरनं, मेसेज बाहेर पोचवायचे मी. आम्ही दोघं एकाच खोलीत राहायचो. तो बोलायचा, मी धावायचो. आमच्यासारख्या सगळ्या डब्यांवर एक मुकादम प्रोग्राम होता. कोणाला उठवायचं, कोणाला थांबवायचं, मेलेल्याला पुन्हा कधी जिवंत करायचं, सगळं त्याच्या हाती. काम देवाचं, वागणं ठेकेदाराचं.

सुरुवातीला माझं कौतुक झालं. बायजी नावाच्या मावशी मासळी वाळवायच्या खळ्यावर जवळा सुकत घालायच्या. पूर्वी त्या दिवसभर त्याच्याशेजारी बसून आभाळ बघत. मेसेज येऊ लागले तशा त्या जवळा पसरून तलासरीच्या बाजारात विकायला बसू लागल्या. मेसेज आला की घरी सुनेला फोन, आणि जवळा ताडपत्रीखाली. "आभाळापेक्षा हा बरा, आधी सांगतो तरी," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. माझ्या आयुष्यातलं हे एकमेव प्रमाणपत्र.

मग माझ्यात खोट निघाली. मुख्य कंटेनर काम उरकून निघून जायचा. काम संपलं हे मला मात्र कोणी सांगायचं नाही. मी आपला दारात उभा. मुकादमाला वाटायचं, खोलीत जाग आहे म्हणजे काम चालू आहे. मग तो अंदाजाची पुढची फेरी सुरूच करायचा नाही.

"अल्या हार्दिक, काम संपलं ने? मग हा कशाला उभा?" जिग्नेशशेठनी ऑफिसातल्या दुसऱ्या प्रोग्रामरला विचारलं.

"सर, त्याला जा म्हणून कोणी सांगितलंच नाही."

"सांगावं लागतं? तू तर न सांगता जातोस."

हार्दिकनं नवा नियम लावला. काम संपलं की मुख्य कंटेनरनं मला थांब म्हणायचं. थांबायचा हुकूम कोणाकडूनही येवो, मी जागच्या जागी मरायचं.

"आणि दोघांना एकदम थांबवलं तर?" किंजलताईंनी विचारलं.

"ते तेव्हा बघू," म्हणून हार्दिक चहाला गेला.

मी इतक्या तत्परतेनं मरू लागलो की शेठ खूश झाले. मित्रांनो, जगण्यातल्या तत्परतेबद्दल मला कोणी कधी शाबासकी दिली नव्हती.

एका दुपारी जुनं मशीन बंद करून सगळ्यांना नव्या मशीनवर हलवायचं ठरलं. बोर्डीच्या बाजूनं अवकाळी ढग येत होते. मुख्य कंटेनरनं ते ओळखलं, वस्तीचे मेसेज तयार केले, आणि नेमका तेव्हाच मुकादमाचा हुकूम आला: दोघांनी आवरा. आवरायला थोडा वेळ मिळतो. मुख्य कंटेनरनं तो घेतला आणि मेसेज माझ्यापुढे धरले. मी नियमाप्रमाणे मेलेलो होतो. वेळ संपल्यावर मुकादमानं त्यालाही बंद केलं.

नव्या मशीनवर आम्ही दोघं ताजेतवाने उठलो. आम्हाला मागचं काही आठवत नाही; हे सगळं मला नंतर मशीनच्या नोंदींतून कळलं. तोवर खळ्यावर पाऊस पडतच होता. पडत्या पावसाचा अंदाज काय काढायचा, म्हणून मुख्य कंटेनरनं मेसेज काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी बायजींनी भिजलेल्या जवळ्याची टोपली आणून शेठच्या टेबलावर ठेवली. खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं नाक धरून पांगली.

"मी बाजारात होती. फोन ह्या हातात होता," बायजी म्हणाल्या. "सून घरातच होती. एक मेसेज आला असता तर तिनं उचलला असता सगळा. आता हा चिकूच्या वाडीत खत म्हणून टाकायचा."

"मावशी, आमचा अंदाज बरोबर होता," शेठ म्हणाले. "मधला मदतनीस मेला ने."

"मेला? अगं बाई. कोणाचा पोर?"

"माणूस नाही मावशी, प्रोग्राम आहे," हार्दिक म्हणाला.

"असेल. पण मेला कशानं?"

हार्दिक पंख्याकडे बघू लागला.

"आम्हीच मारला," किंजलताई म्हणाल्या. "त्यानं आधी मरायचं, असं आम्हीच लिहून ठेवलंय."

बायजींनी पदर खोचला. "माझा नंबर काढून टाका," म्हणाल्या. टोपली मात्र तिथंच ठेवून गेल्या.

त्याच संध्याकाळी किंजलताईंनी माझं आयुष्य नीट लिहिलं. आता मुकादम मुख्य कंटेनरच्या आधी मला उठवतो आणि तो गेल्यावरच मला थांबवतो. काम संपलं की मी उगाच उभाही राहत नाही. सगळ्यांचे मेसेज पोचतात. बायजींचा नंबर त्यांच्यात नाही. त्यांनी तलासरीचा बाजार सोडला. त्या पुन्हा खळ्यावर बसून आभाळ बघतात, असं सूनबाई सांगून गेल्या. सूनबाई टोपली न्यायला आल्या होत्या.

मित्रांनो, मदतनीस ठेवाल तेव्हा त्यानं यायचं कधी आणि जायचं कधी, हे पहिल्याच दिवशी ठरवा. आणि शेवटचा निरोप पोचेपर्यंत त्याला मारू नका. नंतर मला हवं तितक्या वेळा जिवंत करता येतं. जवळा एकदाच सुकतो.