किल्लीचा प्रवेश

“देवीला सासू नाही, मास्तर. तो किल्लीचा प्रवेश काढून टाका!” नाटकमंडळीची मालकीण ग्योक-लान मिशी चिकटवता चिकटवता म्हणाली. राजाचं काम तीच करायची.

प्राध्यापक खो तेक-सिंगने कपाळावर हात मारला. “अहो बाई, त्या प्रवेशासाठीच तर नाटक दिलं! बाकी हवं ते कापा.”

“पुढे फटाके आहेत. त्यात देवळाच्या समितीला देणगीदारांची नावं वाचायचीत. ऐका तो कर्णा!”

आनपिंग बंदराच्या कुमारी समुद्रदेवीचा, माझूचा वाढदिवस. कर्ण्यावर मासळीवाले, बर्फवाले, टायरवाले, सगळ्यांचा जयजयकार झाला. शेवटी, “आणि नाटक लिहून देणारे कॉलेजातले एक मास्तर.”

तेक-सिंगच्या अंगाचा तिळपापड झाला. दूरदेशीची नाटकं आपल्या भाषेत आणण्यात जन्म गेला. विद्यार्थी आटले, विभाग बंद झाला, पुस्तकं गोदामात कुजली. तेही एक वेळ सोसलं. पण आई! कालवं फोडून फोडून तिने त्याला शिकवलं. स्वतःला अक्षर येत नाही. दर सणाला तिचा एकच टोला: “आ-सिंग, जन्मभर दुसऱ्याचंच सांगत बसलास. तुझं स्वतःचं काही नाहीच का रे?” तिचे कान शाबूत आहेत तोवर एकदा तरी तिने ऐकावं, म्हणून एक जुनं परदेशी नाटक त्याने गल्लीच्या बोलीत, गाण्यांत बसवलं होतं.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “ती लाल स्टुलावर बसलीय ना, ती माझी आई. तिला वाचता येत नाही.”

ग्योक-लानने पडद्याच्या फटीतून पाहिलं. रंगमंचाचं तोंड देवळाकडे. पहिली रांग देवीची, म्हणून मोकळी. तिच्यामागे एक म्हातारी आणि दोन कुत्री. देवी ऐकते म्हणून गायचं; माणसं आली तर आली.

“आधी नाही सांगायचं? शिकलेली माणसं म्हणजे नुसता ताप!” ती करवादली आणि ओरडली, “ए, किल्ली काढा रे पेटीतून!”

तेक-सिंग आईशेजारी जाऊन उभा राहिला आणि प्रवेश सुरू झाला. सासू तांदळाच्या रांजणाला कुलूप घालते, किल्ली गळ्यात बांधून झोपते आणि उपाशी सून त्या किल्लीलाच अंगाई गाते. समितीवाला मध्येच दोनदा कर्ण्यात खाकरला. तेक-सिंगने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो गप्प झाला.

आईने त्याची बाही ओढली.

“कुठल्या गल्लीतला रे हा लिहिणारा? माझ्या सासूची किल्ली याला कशी ठाऊक?”

“लांबच्या देशातला होता, आई. केव्हाच वारला.”

आईने देवीकडे पाहिलं. मग म्हणाली, “त्याच्या नावाने उदबत्ती लाव. सांग त्याला, मी माझ्या सुनेपासून तांदूळ कधी कुलपात ठेवला नाही.”

फटाके सुरू झाले होते. तेक-सिंग उदबत्ती घेऊन देवीपुढे उभा राहिला. आयुष्यभर त्याने तिकडचं इकडे आणलं होतं. डोळे मिटून, शब्द जुळवत, आईचं ते एक वाक्य तो त्या परक्या भाषेत पुटपुटू लागला.