सगळ्यांत जाड पुस्तक

ठकीच्या आईवरून घरात एक चेष्टा ठरलेली होती. हातातलं पुस्तक संपल्याशिवाय ही बाई जागची उठायची नाही, मग घराला आग लागली तरी बेहत्तर. गॅसवर भाजी करपायची, दारावरची बेल वाजून वाजून दमायची आणि आई आपली “दोनच पानं राहिलीत” म्हणत बसलेली. बाबा वैतागायचे, मावशी हसायची. ठकी मात्र हसायची नाही, कारण तिला ते खरंच वाटायचं. मुलांपुढे काय काय बोलून ठेवतो, याचा मोठ्यांना पत्ता नसतो.

तीन महिने आई अंथरुणाला खिळली होती. एके दिवशी बाबा स्वयंपाकघरात मावशीला हळू आवाजात म्हणाले, “डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत.” ठकी दाराआड उभी होती. ती रडली नाही. ती नऊ वर्षांची होती आणि तिला उपाय सुचला होता.

म्हणूनच शनिवारी आईने “वाचनालयात एकटी जाशील का गं?” असं विचारलं, तेव्हा ती आधीच चप्पल शोधत होती.

“माझं कार्ड घे,” आई म्हणाली. “पातळसं काहीतरी आण. हातात पेलेल असं.”

“बरं,” ठकी म्हणाली आणि दप्तरातली पट्टी तिने गुपचूप खिशात घातली.

रस्ता ओलांडताना तिने दोन्हीकडे तीन-तीनदा पाहिलं. वाचनालयाचा दरवाजा आईसोबत असताना कसा आपोआप उघडायचा. आज त्याला खांदा लावावा लागला. आत एक आजोबा वर्तमानपत्रावर डोकं टेकून शांत झोपले होते. टेबलामागे ग्रंथपाल काका तारखांचे शिक्के मारत होते. एकटं आलं की सगळी कपाटं जास्तच उंच दिसतात, हे ठकीला त्या दिवशी कळलं.

पुस्तक कसं निवडावं याबद्दल शहाणी माणसं बरंच काही सांगतात. ठकी सरळ मोजत सुटली. तीन सेंटिमीटर. चार. पुन्हा तीन. खालच्या फळ्या झाल्यावर तिने स्टूल ओढलं. कोपऱ्यातल्या कपाटात, धुळीत, ते सापडलं. साडेसहा सेंटिमीटर, आठशे चौऱ्याऐंशी पानं, अक्षर मुंगीएवढं. छातीशी कवटाळून तिने ते कसंबसं टेबलावर आणून आदळलं. झोपलेल्या आजोबांनी एक डोळा उघडून मिटला.

काकांनी कार्ड पाहिलं. “अरे, तू शेवटच्या पानवाल्या बाईंची मुलगी होय? कशा आहेत त्या?”

“झोपून असते,” ठकी म्हणाली.

काकांनी मान डोलावली आणि जरा वेळ शिक्क्याशीच चाळा केला. ठकीच्या आईची तिथे ख्याती होती. टेबलापाशी उभी राहून ती आधी शेवटचं पान वाचायची. शेवट रडका निघाला की पुस्तक परत. “आधीच काय कमी रडगाणी आहेत,” म्हणायची.

“मग शेवट बघितलास का?” काकांनी विचारलं.

तो बघायचा असतो, हे ठकी साफ विसरली होती. तिने पुस्तक उलटं केलं. शेवटच्या पानावर एक बाई गाडीत बसून निघून जात होती आणि मागे राहिलेल्यांपैकी कुणीच काही बोलत नव्हतं.

“त्यापेक्षा हे ने,” काकांनी दुसरं पुढे केलं. “यात शेवटी सगळे भेटतात. हलकंही आहे.”

ठकीने पट्टी लावली. जेमतेम दोन सेंटिमीटर. आईला तर दोन दिवस पुरणार नाही.

“हेच हवंय,” ती जाड्यावर हात ठेवून म्हणाली. “किती दिवस ठेवता येतं?”

“पंधरा. नाही संपलं तर तारीख वाढवून देतो.”

“आणि तेव्हाही नाही संपलं तर?”

काकांनी मागचा कागद पाहिला. त्यावरचा शेवटचा शिक्का सात वर्षांपूर्वीचा होता. “हे कुणी मागत नाही, बाळ. तू वाढवत जा, मी शिक्का मारत जातो.”

एवढं चांगलं बोलणं ठकीने त्या महिन्यात कुणाकडून ऐकलं नव्हतं. घरी येईपर्यंत हात भरून आले, तरी ती वाटेत कुठे टेकली नाही.

“अगं, केवढं हे,” आई म्हणाली. “पातळ सांगितलं होतं ना?”

“मी धरीन. तू नुसतं वाच. पण सगळं वाचायचं. मध्ये सोडायचं नाही.”

आई तिच्याकडे बघत राहिली. घरातली ती चेष्टा तिच्यावरचीच होती. तिला कळायला वेळ लागला नाही. सवयीने तिचा हात मागच्या पुठ्ठ्याकडे गेला. ठकीने त्यावर आपला पंजा दाबून ठेवला.

“शेवट वाईट आहे का?” आईने विचारलं.

ठकीने पंजा आणखी घट्ट दाबला.

आईने हात काढून घेतला. “राहू दे. या खेपेला पहिल्यापासून वाचू. तूच वाच, मी ऐकते.”

आयुष्यात पहिल्यांदा आईने शेवट न बघता पुस्तक सुरू केलं. ठकी अडखळत वाचू लागली. दीड पान झालं आणि आईचा डोळा लागला. ठकीने खूण घातली आणि उरलेली पानं पुन्हा एकदा हाताने चाचपून पाहिली. भरपूर होती. त्या रात्री ती निवांत झोपली.

पंधराव्या दिवशी ठकी पुन्हा एकटीच वाचनालयात आली. दरवाजाला खांदा लावला, पुस्तक टेबलावर ठेवलं. खूण एकेचाळिसाव्या पानावर होती. काकांनी ती पाहिली आणि शिक्का उचलला.

“तारीख वाढवायची ना?”

“नको.”

“संपलं का एवढ्यात?”

ठकीने नकारार्थी मान हलवली.

“आई अर्ध्यातूनच उठली,” ती म्हणाली.